गाठोड्यातले टाळ



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली. तेव्हापासून माझ्या घरी दाराशी एक गाठोडं बांधून असतं. सातबारा, पासबुक, बॅटरी, काड्यापेटी, औषधं, फुटाणे. आईनं त्यात टाळांची जोडी कोंबली, तेव्हा मी चिडलो. चूक माझी होती.

1915 साली दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या शॅकल्टनचं जहाज बर्फानं चिरडलं. 28 माणसं उघड्यावर. प्रत्येकानं दोन पौंडांपेक्षा जास्त खासगी सामान घ्यायचं नाही, असा हुकूम सुटला. शॅकल्टननं स्वतःची सोन्याची नाणी बर्फावर फेकली. पण हसी नावाच्या गड्याचा बँजो, चांगला पाच किलोंचा, त्यानं मुद्दाम बरोबर घ्यायला लावला. मनाला याचं औषध लागेल, म्हणाला. पुढं मदत आणायला तो पाच जणांना घेऊन होडीनं गेला. मागं एलिफंट बेटावर 22 जण पालथ्या होड्यांखाली चार महिने राहिले, सीलचं मांस खात, बँजोवर गाणी म्हणत. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वाचले.

बँजोनं वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण नुसतं वाट बघत बसणं काय असतं, ते पावसाकडे डोळे लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा गाठोड्यात थोडी जागा ठेवा. चहा-साखरेची पुडी, पोरीची बाहुली, अडकित्ता-सुपारी. काय घ्यायचं ते घरच्या बायकांना, म्हाताऱ्यांना, पोरांना विचारा. गडी माणूस एकटा बसला की नुसते कागद भरतो. आणि दर दिवाळीला सोडून बघा, साखरेला मुंग्या लागतात.