सोडण्याची विद्या



अहमदाबाद व कलकत्ता येथे १९६१ साली स्थापन झालेल्या संस्थांपासून २०२३ साली आयआयएमचा दर्जा मिळालेल्या पवईच्या संस्थेपर्यंत, भारतीय व्यवस्थापन संस्थांत प्रवेश मागणाऱ्या तरुणांना नोव्हेंबरच्या अखेरीस जी परीक्षा द्यावी लागते, ती ‘कॅट’ या नावाने सर्वश्रुत आहे. आणि तिच्यातील गणित बहुतांशी शाळेतलेच असताना भले भले अभियंते तिथे हतबल का होतात, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

परीक्षा दोन तासांची. विभाग तीन, प्रत्येकास चाळीस मिनिटे, आणि एका विभागाची मुदत संपली की त्यात पुन्हा फिरकण्याची मुभा नाही. अचूक उत्तरास तीन गुण मिळतात, चुकलेल्या पर्यायी उत्तरास एक गुण वजा होतो. या जमाखर्चाचा हिशेब फारच थोडे उमेदवार मांडून पाहतात. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर सरासरीने चारांत एकदा तीन गुण मिळणार आणि तीनदा एकेक जाणार, म्हणजे शिल्लक शून्य; परंतु विचारपूर्वक एक पर्याय जरी बाद करता आला, तरी पारडे आपल्या बाजूस झुकते. ज्या प्रश्नांना पर्यायच नसतात, त्यांचे उत्तर चुकल्यास वजावट नाही, म्हणून ते कोरे ठेवणे हा निव्वळ आळस होय.

खरी कसोटी लागते ती तर्क आणि आकडेवारीच्या विभागात. एका कोष्टकावर चार-पाच प्रश्न टांगलेले असतात; कोष्टक उलगडले तर सारेच हाती येतात, न उलगडले तर चाळीसपैकी पंधरा मिनिटे गिळून ते जिथल्या तिथे राहते. आमच्या हुशार मुलांना लहानपणापासून प्रश्न अर्धवट सोडणे हे पाप म्हणून शिकवलेले असते (त्यात शिक्षकांइतकेच आम्ही पालकही आलो), आणि तोच सद्गुण येथे त्यांचा घात करतो.

गंमत अशी की, महाराष्ट्र राज्याच्या ज्या सीईटीतून जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी जाता येते, तिचा स्वभाव नेमका उलटा आहे: दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, आणि चुकीला दंड नाही. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणे परवडत नाही. दोन्ही परीक्षांना बसणाऱ्याने अभ्यास एकच केला तरी चालेल, वृत्ती मात्र दोन बाळगाव्यात.

पुन्हा कॅटकडे वळू: तिच्यातील इंग्रजी उताऱ्यांची धास्ती मराठी माध्यमातून आलेल्यांना अधिक वाटते. शब्दसंग्रह वाढवलाच पाहिजे. पण लेखकाचे प्रतिपादन काय आणि त्याला आधार कोणता, हे परिच्छेदागणिक ओळखण्याची सवय उत्तम मराठी वैचारिक लेखनावरही लावून घेता येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा उमेदवारांना एवढीच विनंती की, सराव परीक्षा झाल्यावर केवळ गुण पाहून ती बाजूला टाकू नका. चुकलेले प्रश्न तपासालच. त्याबरोबर, सोडून द्यायला हवे होते असे कोणते प्रश्न आपण धरून बसलो, त्यांचीही एक वेगळी यादी ठेवा, आणि पुढच्या सरावाला बसण्यापूर्वी ती वाचा.