ताज की ओबेरॉय?

हॉटेल मॅनेजमेंट शिकून मुंबईला निघालेली आपली सातारा-सांगलीकडची मुलं विचारतात, थोर कोण? ताज की ओबेरॉय?

ताज १९०३चं. दगडी कमानी, घुमट, आतला भव्य जिना. ओबेरॉयचं नरिमन पॉइंटवरचं पहिलं हॉटेल, आजचं ट्रायडंट, १९७३चं. उंच, आधुनिक, समोर समुद्र.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मात्र ही तुलनाच संपली. गोळीबार चालू असताना दोन्हीकडचे कर्मचारी पाहुण्यांना सांभाळत राहिले. काहींनी प्राण दिले.

झुंबरं पैशानं येतात, ही माया येत नाही. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग विचारपूस. मुलांनो, मुंबईला जाताना तेवढं बरोबर न्या.