लिहिलेलें सांपडावें म्हणून



सकाळचे अकरा वाजले आहेत. तालुक्याच्या गांवीं एका कचेरीच्या खिडकीपाशीं एक वृद्ध गृहस्थ उभे आहेत. तीन वर्षांपूर्वीं याच कचेरीनें त्यांना पाठविलेल्या पत्राची नक्कल त्यांना हवी आहे. कारकून सज्जन आहे. "बसा आजोबा, आतां काढून देतों," असें म्हणून तो संगणकापुढें बसतो. परंतु आंत पाहावें तों "पत्र", "पत्र नवें", "पत्र अंतिम", "पत्र अंतिम दुसरें" अशा नांवांची गर्दी! अर्ध्या तासानें हवें तें पत्र हातीं लागतें. पण उघडतांच पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. शेवटीं तो ओशाळून म्हणतो, "आजोबा, उद्यां या."

हा प्रसंग कल्पित असला, तरी असें "उद्यां या" ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा मनुष्य विरळा. कारकुनाचीं बोटें चपळ आहेत आणि यंत्रही वेगवान आहे. मग वेळ गेला कोठें?

याचें उत्तर थोडें मागें जाऊन शोधावें लागतें. अमेरिकेंतील रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं टाइपरायटर बाजारांत आणला. १९५५ सालीं मुंबईच्या गोदरेज कंपनीनें भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला. या यंत्रावर एक ओळ चुकली कीं बहुधा सारें पान पुन्हां छापावें लागे. अधिक प्रती हव्या असल्यास कागदांमध्यें कार्बन घालावा लागे. म्हणून मिनिटाला शब्द किती, यावर टंकलेखकाची योग्यता ठरे, आणि तें योग्यच होतें. पुढें टेबलावर संगणक आला, पण मोजमाप जुनेंच राहिलें. टाइपरायटर कागदावर ठसा उमटवून मोकळा होतो. संगणक लिहिलेलें स्मरणांत ठेवतो. त्याचा खरा उपयोग एकदां लिहिलेलें पुन्हां न लिहितां सांपडण्यांत आहे. हें ध्यानांत धरून चार संवयी लावून घेतल्या, तर दिवसाचें काम पुष्कळ हलकें होतें.

पहिली संवय अक्षरांची. संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाच्या रूपानें सांठवितो. जुन्या मराठी फाँटांत युक्ति अशी होती कीं, आंत क्रमांक रोमन अक्षराचाच राही आणि वरून त्याला देवनागरीचें सोंग दिलें जाई. ज्या यंत्रावर तो फाँट नाहीं, तेथें सोंग गळून पडतें. कारकुनाची फजिती झाली ती यामुळेंच. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली आणि जगांतील लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचे कायमचे क्रमांक मिळूं लागले. त्यांत 'क' चा क्रमांक २३२५ आहे. पुण्याच्या यंत्रावर जो, तोच लंडनच्या यंत्रावर. म्हणून लेखन युनिकोडमध्येंच करावें आणि जुन्या फाँटांतील महत्त्वाचे कागद परिवर्तकानें पालटून, मुळाशीं ताडून ठेवावे. अशा परिवर्तनांत एखादें जोडाक्षर बिघडतें, म्हणून ताडून पाहणें टाळूं नये.

यासाठीं सरकारनें १९८६ सालीं ठरविलेला इन्स्क्रिप्ट कळफलक शिकण्यास सोपा आहे. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताकडे; 'क' आणि 'ख' एकाच कळीवर, 'त' आणि 'थ' एकाच कळीवर. 'कि' लिहितांना उच्चाराप्रमाणें आधीं 'क', मग वेलांटी. ज्यांचा हात टाइपरायटरच्या जुन्या मांडणीवर बसला आहे, त्यांना त्या मांडणीनेंही युनिकोडमध्यें लिहितां येतें. बोटांची वाट कोणतीही असो; सांठवण युनिकोडची असावी.

दुसरी संवय, तेंच तें पुन्हां न लिहिण्याची. मजकूर कापून दुसरीकडे डकविण्याची संगणकावरील रीत गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत अमेरिकेंतील पालो आल्टो येथें, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत, लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनीं घडविली. तीपूर्वीं संपादक खरोखरच कात्री आणि डिंक घेऊन बसत! आतां कंट्रोल कळीबरोबर सी दाबली कीं नक्कल होते, व्ही दाबली कीं ती डकवली जाते आणि झेड दाबली कीं झालेली चूक मागें फिरते. विंडोजमध्यें २०१८ पासून विंडोज कळ व व्ही एकत्र दाबून मागील अनेक नकलांची यादीही पाहतां येते. ती सोय एकदां चालू करावी लागते. मात्र येथें एक धोका आहे. जुनें पत्र उघडून त्यावरच नवें लिहिलें, कीं एखादे वेळीं आधीच्या मनुष्याचा गट क्रमांक तसाच राहून जातो, आणि दुसऱ्याच्या जमिनीचा घोटाळा होतो. म्हणून नेहमींच्या पत्रांचे कोरे सांचे करून ठेवावे. नांव, गांव, क्रमांक, दिनांक यांच्या जागा रिकाम्या सोडाव्या.

तिसरी संवय नांव देण्याची. फाइलीच्या नांवांत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा, आणि पुढें गांव व विषय. '२०२४-०३-१५ रस्ता दुरुस्ती' असें नांव दिलें, कीं यादी आपोआप कालानुक्रमें लागते. महिना व दिवस नेहमीं दोन अंकीं लिहावे. 'अंतिम' हा शब्द नांवांत घालूं नये, कारण अंतिमानंतरही दुरुस्ती येतच असते. माणसांचीं व गांवांचीं नांवें सर्वत्र एकाच तऱ्हेनें लिहावीं. म्हणजे कंट्रोल व एफ दाबून शोधतांना यंत्र फसत नाहीं.

चवथी संवय जपणुकीची. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्या, त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागीं असावी. संगणकाच्याच कपाटांत ठेवलेली प्रत आगींत किंवा पुरांत संगणकाबरोबरच जाते. शिवाय महिन्यांतून एकदां ती प्रत उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

या संवयींना फार पैसा लागत नाहीं. आठवडाभर चिकाटी लागते. पहिले कांहीं दिवस हात अडखळेल, काम उलट मंद चालेल. तेवढें सोसलें पाहिजे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें महाराष्ट्राच्या राज्यकारभारांत मराठीला मानाचें स्थान दिलें. परंतु मराठींत लिहिलेला कागद शोधल्यास सांपडत नसेल आणि इंग्रजींतला क्षणांत सांपडत असेल, तर घाईच्या वेळीं कारकून कोणत्या भाषेकडे वळेल, हें सांगावयास नको.

जुन्या काळीं दप्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवीत. रुमाल नीट बांधून कोणत्या सालाचा कागद कोठें आहे हें जपणारा कारकून होता, म्हणून कित्येक पिढ्यांनंतरही ते कागद वाचावयास मिळाले. रुमालाच्या जागीं आज फोल्डर आला आहे, गांठ मात्र मनुष्यानेंच मारावयाची आहे. ती नीट मारली, तर खिडकीपाशीं उभ्या असलेल्या आजोबांना त्यांचें पत्र पांच मिनिटांत मिळेल, आणि दुपारची मोटार गांठून ते उजेडीं घरीं पोंचतील.