रिकाम्या बाटल्यांचा छंद



आमच्या बैठकीच्या खोलींत एक कांचेचें कपाट आहे. नवा पाहुणा आला म्हणजे मोठ्या उत्सुकतेनें त्या कपाटाजवळ जातो आणि तितक्याच निराशेनें परत येतो. कारण त्यांत ग्रंथ नाहींत कीं चांदीचीं भांडीं नाहींत. आहेत त्या नुसत्या रिकाम्या बाटल्या, दोन-तीन शाईच्या दौती, कांहीं चिनीमातीच्या बरण्या आणि फुटक्या मातीच्या भांड्यांचे थोडे तुकडे. ‘मास्तर, हें भंगार येथें कां मांडलें आहे ?’ असें पाहुणा तोंडानें विचारीत नाहीं. परंतु त्याच्या मुद्रेवर तो प्रश्न स्पष्ट उमटलेला असतो. त्या न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्याची संधि आज मला मिळाली आहे, ती मी सोडणार नाहीं.

या छंदाचा आरंभ एका गुन्ह्यानें झाला, हें प्रथम कबूल करतों. मी नऊ-दहा वर्षांचा असतांना आमच्या गल्लीच्या तोंडाशीं सोड्याच्या बाटल्यांचें एक दुकान होतें. त्या बाटलीच्या गळ्यांतली हिरवट कांचेची गोटी आम्हां मुलांना हिऱ्याहून मोलाची वाटे. एके दुपारीं दुकानामागच्या खोक्यांतल्या तीन बाटल्या मीं दगडानें फोडल्या, तीन गोट्या खिशांत घातल्या आणि संध्याकाळीं वडिलांचा मार खाल्ला. दुकानदाराला भरपाई द्यावी लागली ती निराळीच. आज पन्नासांहून अधिक वर्षांनंतर तशीच एक जुनी, अखंड, अक्षरें स्वच्छ वाचतां येतील अशी बाटली मिळावी म्हणून मी जुन्या बाजारांत उन्हांतून हिंडतों, तेव्हां त्या तीन फुटक्या बाटल्या मला हटकून आठवतात.

ही गोटीची बाटली म्हणजे एक लहानसें शास्त्रच आहे. सोड्याच्या पाण्यांत दाबानें वायु भरलेला असतो आणि तो सदैव बाहेर पडूं पाहतो. पूर्वीं अशा बाटलीला साधें बूच लावीत. परंतु बूच वाळलें म्हणजे आकसतें आणि फटींतून वायु निघून जातो. यावर तोडगा असा निघाला कीं, बाटलीचें बूडच गोल किंवा निमुळतें करावें. म्हणजे ती उभी राहणारच नाहीं, आडवीच ठेवावी लागेल, आणि आंतलें पाणी बुचाला सतत ओलें ठेवील. अंड्याच्या आकाराच्या ज्या जुन्या इंग्रजी बाटल्या संग्राहक जिवापाड जपतात, त्यांच्या त्या विचित्र आकाराचें कारण एवढेंच. पुढें १८७२ सालीं हायरम कॉड नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें बुचालाच रजा दिली. त्यानें बाटलीच्या तोंडाशीं आंतून रबराचें कडें बसविलें आणि गळ्यांत गोटी सोडली. बाटली उलटी धरून भरली कीं आंतला वायूच गोटीला त्या कड्यावर घट्ट दाबून धरी. म्हणजे जो पळून जाणारा चोर, तोच दाराचा पहारेकरी ! बाटलीच्या गळ्याला चिमटे काढल्यासारख्या खोबणी ठेवलेल्या असत. ओततांना गोटी त्यांत अडकून राही. १८९२ सालीं अमेरिकेंत विल्यम पेंटर यानें दातेरी कडेचें पत्र्याचें झांकण काढलें आणि विलायतेंत गोटीची बाटली हळूहळू मागें पडली. आपल्याकडे आणि जपानांत मात्र तिनें तग धरला. विलायतेंतल्या पोरांनींहि गोट्यांसाठीं या बाटल्या फोडल्या, असें वाचून माझ्या मनाला थोडेंसें समाधान वाटलें, हें लपवीत नाहीं.

एकदां बाटली वाचावयास शिकलें म्हणजे तिच्या अंगावरची प्रत्येक खूण बोलूं लागते. बाटलीच्या कुशीवर सांच्याची एक बारीक शीर असते. ती शीर मानेपर्यंत येऊन नाहींशी झाली असेल, तर तोंडाचा कांठ बहुधा कारागिरानें हातानें घडविलेला आहे असें समजावें. ती थेट ओठावरून पलीकडे गेली असेल, तर बाटली यंत्राची. अमेरिकेंतील मायकेल ओवेन्स यानें पूर्णपणें आपोआप चालणारें बाटल्यांचें यंत्र १९०३ च्या सुमारास सिद्ध केलें. तेव्हां शीर कोठवर गेली आहे एवढ्यावरून बाटलीच्या वयाचा अंदाज बांधतां येतो. बुडाशीं खरबरीत व्रण असेल, तर तोंड घडवितांना बाटली लोखंडी सळईवर धरली होती, असा त्याचा अर्थ. रंगाचेंहि तसेंच. वाळूंतल्या लोखंडामुळें कांच हिरवट होते. तो हिरवेपणा घालविण्यासाठीं तींत मँगनीज घालीत. आणि अशी पांढरी कांच वर्षानुवर्षें उन्हांत पडली म्हणजे जांभळी होते.

हा छंद एकट्यानें करण्यापेक्षां मंडळीनें करण्याचा आहे, आणि जगांत तो वाढला तोहि मंडळांमुळेंच. इंग्लंडांत १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानंतर घरोघरचा केरकचरा गोळा करून गांवाबाहेर टांकण्याची व्यवस्था पक्की झाली. त्या केरांत कोळशाची राखच फार. राखेंत पुरलेल्या बाटल्या, आल्याच्या सरबताचे दगडी मातीचे शिसे, दंतमंजनाच्या डब्यांचीं चित्रें छापलेलीं झांकणें, हें सर्व शंभर वर्षें सुरक्षित राहिलें. आणि १९६० नंतर हौशी लोक, जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन, ते ढीग उकरूं लागले. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो येथें १९५९ सालींच अशा संग्राहकांचें एक मंडळ निघालें होतें. या मंडळांची रीत सर्वत्र सारखीच. ठरलेल्या दिवशीं सभासद जमतात, प्रत्येक जण एक-एक वस्तु मेजावर ठेवतो, तिच्याविषयीं जें ठाऊक असेल तें सांगतो, आणि शेवटीं अदलाबदल होते. कोणीं एकट्यानें खणावयाचें नाहीं, हा पहिला नियम; कारण खड्ड्याची भिंत ढांसळली तर हांक ऐकावयास कोणीतरी वर असलें पाहिजे.

आमच्या गांवांतहि आम्हीं सात-आठ जणांनीं असें एक लहानसें मंडळ चालविलें आहे. त्याला नांव नाहीं, वर्गणी चहापुरती आहे. परंतु एकाच्या डोक्यांत जें नसतें तें आठांच्या डोक्यांत निघतें, याचा प्रत्यय तेथें नेहमीं येतो. गडद निळी, अंगावर उभ्या रेघा असलेली सहा कोनांची बाटली मीं शोभेची समजून आणली होती. आमच्यांतल्या औषधविक्रेत्या गृहस्थांनीं ती माझ्या हातांत देऊन मला डोळे मिटावयास सांगितलें. बोटांना रेघा लागल्या. ‘विष आहे, हें रात्रीं अंधारांतहि हाताला कळावें म्हणून !’ ते म्हणाले. कुंभारकाम केलेल्या दुसऱ्या सभासदांनीं एका तपकिरी शिशावरची संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड दाखविली. तापलेल्या भट्टींत मीठ टांकलें म्हणजे त्याची वाफ मातीवर अशी झिलई चढविते. लोणच्याची बरणी घेऊन आलेल्या बाईंनीं, साध्या मडक्यांतून तेल-मीठ कसें पाझरतें आणि बरणीच्या गळ्याला खांच कां असते, हें दादरा बांधूनच समजाविलें. खोटी वस्तुहि मंडळांतच उघडी पडते. किरणांचा मारा करून मुद्दाम जांभळी केलेली कांच आणि जुन्या वळणावर नव्यानें घडविलेल्या रंगीत गोटीच्या बाटल्या बाजारांत आहेत, हें मला पैसे घालविण्यापूर्वीं कळलें, तें याच मित्रांमुळें.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं मी मुख्यतः येथें आलों, ती सांगतों. ती माझ्या भूषणाची नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी टोपलीभर बाटल्या घेऊन घरीं आला. तो बांधकामाचीं कंत्राटें घेतो. एक जुना वाडा पाडतांना त्या माळ्यावर सांपडल्या होत्या. मला कोण आनंद झाला ! त्याच रात्रीं मीं त्या ऊन पाण्यांत भिजत घातल्या. त्यांतील कांहींवर धुळीनें माखलेल्या, कसरीनें खाल्लेल्या कागदाच्या चिठ्या होत्या. मीं त्या न वाचतांच काथ्यानें घांसून काढल्या. बाटल्या लखलखूं लागल्या. मीं त्या आकारमानाप्रमाणें इतर बाटल्यांत लावून टांकल्या.

पुढच्या वर्षीं आमच्या मंडळानें एक लहानसें प्रदर्शन मांडलें. ऐंशीच्या घरांतल्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या आणि बराच वेळ बाटल्यांसमोर उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, “मास्तर, आमच्या वाड्यांतल्या बाटल्या तुमच्याकडे आल्या असें ऐकलें. माझे मामंजी वैद्य होते. काढ्याच्या बाटलीवर त्यांच्या नांवाची छापील चिठी असे. मी सून म्हणून आलें तेव्हां त्या चिठ्या चिकटविण्याचें काम माझ्याकडे होतें. वाडा गेला, कागदपत्रहि गेले. त्यांचें नांव असलेली एक बाटली याला दाखवा.”

माझ्यापाशीं बाटल्या होत्या, नांव नव्हतें. इतकेंच नव्हे, तर मांडलेल्या शंभरएक बाटल्यांपैकीं त्या वाड्यांतल्या कोणत्या, हेंहि मला सांगतां येईना. कारण मीं कोठेंच टिपून ठेवलें नव्हतें. मीं झालें तें खरें सांगितलें. त्या क्षणभर गप्प राहिल्या. एका साध्या पांढऱ्या बाटलीला त्यांनीं हात लावला आणि म्हणाल्या, “असूं दे, मास्तर. स्वच्छ मात्र छान केल्या आहेत तुम्हीं.”

पस्तीस वर्षें मीं मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिले. पण इतका कठोर शेरा मीं कोणालाहि दिला नाहीं.

त्या दिवसापासून आमच्या मंडळाचा एक नियम झाला : आधीं लिहावयाचें, मग धुवावयाचें. वस्तु कोणाकडून आली, कोणत्या घरांत, कोणत्या खोलींत, कशाबरोबर सांपडली, तिच्यावर कोणतीं अक्षरें होतीं, हें सर्व नोंदवहींत उतरल्याशिवाय तिला पाणी लागत नाहीं. आणि चिठी असेल तर मुळींच लागत नाहीं. आज कोणी मला विचारलें कीं तुमच्या मंडळाचा खरा संग्रह कोणता, तर मी कपाटाकडे न जातां ती नोंदवही पुढें करीन.

आम्ही जमीन खणीत नाहीं, हा आमचा दुसरा नियम. त्याचें कारणहि हेंच आहे. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जोर्वे येथें १९५०-५१ सालीं उत्खनन झालें. तेथें सांपडलेल्या लाल रंगाच्या, काळ्या रेघांनीं सजविलेल्या भांड्यांवरून तीन हजार वर्षांपूर्वींच्या एका संस्कृतीला त्या गांवाचें नांव मिळालें. त्या खापऱ्यांचें मोल त्या कोणत्या थरांत होत्या यावर अवलंबून होतें. कोणी हौशानें त्या आधींच वेंचून घरीं नेल्या असत्या, तर त्या केवळ खापऱ्याच राहिल्या असत्या. कायदाहि ध्यानांत असावा. जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तु सांपडल्यास ती सरकारास कळविण्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें घातलेलें आहे. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुन्या अनेक वस्तू पुराणवस्तू ठरतात व खाजगी माणसाला त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत. किल्ल्यावर किंवा पांढरीच्या टेंकाडावर खापरी दिसली तर ती पाहावी आणि तेथेंच ठेवावी.

मग शोधावें कोठें ? माळ्यावर, कोठीच्या खोलींत, जुन्या बाजारांत आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर. आपल्या प्रांताचाहि कांचेचा एक इतिहास आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक-एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनीं तिला पाठबळ दिलें, आणि त्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना उभा राहिला. १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल. असा एखादा कंदील किंवा त्याची चिमणी आपल्या अडगळींत असेल, तर ती रद्दीबरोबर जाऊं देऊं नका. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं दारोदार हिंडून अडकित्ते, दिवे, दौती जमविल्या, आणि अकालीं गेलेल्या आपल्या लहान मुलाच्या, राजाच्या, नांवानें तें संग्रहालय लोकांच्या स्वाधीन केलें. आपल्या सर्वांना तेवढें साधणार नाहीं. पण एक वही घालणें कोणालाहि साधेल.

माझी वेळ संपत आली. या आठवड्यांत घरांतील सर्वांत जुनी बरणी किंवा बाटली खालीं काढा. घरांतलें सर्वांत वडील जें माणूस असेल, त्याच्याजवळ ती घेऊन बसा. ती कोणाची, कोठून आली, तींत काय ठेवीत, हें विचारा आणि चार ओळींत लिहून काढा. बाटली पुढेंहि टिकेल, कांच सहसा कुजत नाहीं. सांगणारें माणूस मात्र तितका काळ आपली वाट पाहत बसणार नाहीं. आणि तोंवर कृपा करून ती धुऊं नका.