पहिल्या पायरीची अडचण
(संगणक-सुरक्षेच्या नोकरीसंबंधीं तरुणांपुढें केलेलें भाषण)



सतराव्या शतकांत आपल्या वेंगुर्ल्यास डच व्यापाऱ्यांची वखार होती. माल राखावयाचा म्हणून तिला जाड भिंती लागल्या. आज बँकेची व बंदराची वखार संगणकांत असते, आणि तिच्या रखवालीच्या धंद्यास सायबर सिक्युरिटी असें नांव आहे. या धंद्यांत शिरूं पाहणारा तरुण एकच तक्रार करतो: अनुभवावांचून नोकरी नाहीं आणि नोकरीवांचून अनुभव नाहीं. तक्रार खरी आहे. परंतु ही कोंडी फुटतच नाहीं, असें मात्र नव्हे.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची जुनी संस्था. ऑगस्ट २०१८ मध्यें चोरांनीं तिच्या संगणकव्यवस्थेंत शिरकाव केला, आणि बनावट कार्डांनीं अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून काढलेली व हाँगकाँगच्या एका खात्यांत वळविलेली मिळून सुमारें ९४ कोटी रुपयांची रक्कम नेली. तिजोरीस कोणीं हातहि लावला नाहीं! त्याच्या आदल्या वर्षीं जूनमध्यें न्हावाशेवा बंदरांतील एका टर्मिनलचें काम अशाच संगणकी उपद्रवानें अडून पडलें होतें. पुढें २०२२ मध्यें सर्ट-इन या सरकारी संस्थेनें आदेश काढिला कीं, असा प्रकार ध्यानांत येतांच सहा तासांच्या आंत वर्दी द्यावी व संगणकांतील नोंदी १८० दिवस जपाव्या. आतां नोंदी जपावयाच्या, तर त्या वाचणारा मनुष्यहि हवा. नवशिक्याची जागा बहुधा तेथेंच असते.

तें काम चित्रपटांतल्यासारखें नाहीं. रात्रपाळीस बसून पडद्यावर येणाऱ्या शेंकडों इशाऱ्यांतील खोटे कोणते व खरे कोणते, हें निवडावयाचें. सावंतवाडीच्या कारकुनाच्या नांवानें पहाटे तीन वाजतां परदेशांतून कोणी आंत शिरला, तर तो कारकून प्रवासास गेला आहे कीं त्याचा पासवर्ड चोरीस गेला आहे, याचा छडा लावून वरिष्ठांस चार ओळींत स्वच्छ लिहून कळवावयाचें. यास चिकाटी लागते आणि बरें इंग्रजी लिहितां यावें लागतें.

म्हणून आधीं नेटवर्क समजून घ्या: एका संगणकाचा निरोप दुसऱ्यास कसा पोंचतो, आयपी पत्ता म्हणजे काय, डीएनएस काय करतो. मग लिनक्स. ह्याला पैसा फारसा लागत नाहीं. जुन्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन उभें करून वायरशार्क या फुकट मिळणाऱ्या साधनानें स्वतःचीच रहदारी पाहावी, आणि काय पाहिलें तें वहींत लिहून ठेवावें. मुलाखतीस ती वहीच तुमचा अनुभव. प्रमाणपत्र नंतर घ्यावें. पायावांचून घेतलेलें प्रमाणपत्र दोन प्रश्नांत उघडें पडतें.

दुसरी वाट आडवळणाची, पण माझ्या मतें आपल्याकडील मुलांस अधिक सोयीची. एखाद्या पतपेढींत, महाविद्यालयांत किंवा इस्पितळांत संगणक दुरुस्तीचें, हेल्पडेस्कचें काम प्रथम धरावें. विसरलेले पासवर्ड बदलून देणें, बॅकअप घेणें, हें क्षुद्र वाटेल. परंतु व्यवस्था कोठें कच्ची असते, तें तेथेंच दिसतें. वर्षा-दोन वर्षांनीं त्याच अनुभवावर सुरक्षेच्या जागेसाठीं अर्ज करतां येतो.

एक सक्त ताकीद. परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत डोकावूं नये, मग हेतु शिकण्याचा कां असेना. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खालीं अप्रामाणिकपणें केलेल्या अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड आहे. आणि हेतु शुद्ध होता, हें कोर्टांत पटवीत बसण्याची पाळी कोणावर येऊं नये. सरावासाठीं मुद्दाम कच्चे ठेवलेले संगणक इंटरनेटवर मिळतात; तेथें खुशाल हात चालवा.

आणि आईबापांनो, सहा महिन्यांत नोकरीची हमी देऊन मोठी फी मागणारे क्लास पुष्कळ आहेत. दागिने गहाण टाकण्यापूर्वीं तेथून शिकून कामास लागलेल्या दोन मुलांस प्रत्यक्ष भेटावें, आणि हमी लेखी मागावी.