ठाणेवासनाचे तांबे आणि ग्रामसभेचा हक्क



चंद्रपूर जिल्हा म्हटले की कोळसा आणि चुनखडी आठवते. त्याच जिल्ह्यात ठाणेवासना या गावाच्या परिसरात तांबेही आहे. मध्य प्रदेशातील मलाजखंडच्या प्रचंड खाणीशी तुलना करता हा साठा लहानच. परंतु खनिज संपत्तीचे अर्थकारण समजून घ्यावयाचे असेल, तर अशी लहान उदाहरणेच अधिक उपयोगी पडतात.

प्रथम भूशास्त्र पाहू. हा भाग बस्तरच्या अतिप्राचीन भूखंडाच्या पश्चिम टोकाला येतो. येथील ग्रॅनाइटी खडकांतून वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा एक भंगलेला, चिरडलेला पट्टा आहे. पृथ्वीच्या पोटातील उष्ण द्रव या भेगांतून वर चढले आणि त्यांनी क्लोराइट व क्वार्ट्झच्या शिरांमध्ये चॅल्कोपायराइट, म्हणजे तांबे, लोह आणि गंधक यांचे संयुग, मागे ठेवले. याच परिसरात देवाडा येथे बॅराइट सापडते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या पट्ट्यात नकाशे तयार केले, नमुने तपासले, खोल छिद्रे पाडून खडकाच्या कांड्या बाहेर काढल्या. अलीकडे काही भूवैज्ञानिक या साठ्याची गणना लोहऑक्साइड, तांबे व सोने एकत्र आढळणाऱ्या प्रकारात करू लागले आहेत. ऑस्ट्रेलियात 1975 साली सापडलेला ऑलिंपिक डॅमचा अवाढव्य साठा याच प्रकारातला. म्हणून ठाणेवासना तेवढे मोठे ठरते असे मुळीच नव्हे. पण आज किरकोळ वाटणाऱ्या साठ्याचे मोल उद्या बदलू शकते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

कारण खनिज आणि धातुक यांत फरक आहे. खनिज निसर्ग घडवतो. त्याचे धातुक बाजारभाव घडवतो. शेकडा एक टक्का तांबे असलेल्या एक टन खडकातून फार तर दहा किलो तांबे मिळते. तांब्याचा भाव पडला तर तोच खडक नुसता दगड राहतो, चढला तर संपत्ती होतो. खडकात मात्र कणभरही फरक पडलेला नसतो. भाववाढीतून मिळणारा हा लाभ कोणाच्याही श्रमाचे फळ नव्हे; अर्थशास्त्र त्याला खंड म्हणते. हा खंड कोणाच्या पदरात पडावा, हाच खरा राजकीय प्रश्न आहे.

शोधाचा दीर्घ, जोखमीचा खर्च सार्वजनिक तिजोरीने सोसला. 1967 साली हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि 1972 साली घाटशिला येथील खाजगी ताम्र उद्योग राष्ट्राच्या मालकीचा झाला. त्या काळी जमिनीखालचे धन समाजाचे, ही भूमिका निदान मान्य होती. 2015 च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावाने देण्याचा नियम केला. 2023 साली केंद्राने तांब्याचा समावेश तीस अत्यावश्यक खनिजांच्या यादीत केला आणि खोलवरच्या खनिजांच्या शोधासाठी खाजगी कंपन्यांना परवाने देण्याची वाट मोकळी केली.

लिलाव गुपचूप वाटपापेक्षा बरा, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्यातून राज्याच्या तिजोरीला अधिमूल्यही मिळते. पण गावाला काय मिळते? 2014 साली ठरलेल्या दराने तांब्याचे स्वामित्वधन धातूच्या किमतीच्या 4.62 टक्के. जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम मिळते, लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांकडून केवळ 10 टक्के. म्हणजे शंभर रुपयांच्या तांब्यामागे खाणीच्या परिसरासाठी सुमारे 46 पैसे!

आणि गावाच्या वाट्याला मागे राहते ते काय? टनामागे उरलेला बहुतेक सगळा दळलेला खडक. गंधकयुक्त खनिजाला हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते. धानाच्या बांध्या आणि विहिरी असलेल्या मुलखात ते झिरपू लागले, तर खाण बंद झाल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या झिरपत राहते. ठेकेदार निघून जातो. विहीर जात नाही.

तांबे जमिनीतच राहू द्यावे, असा याचा अर्थ नाही. विजेच्या तारा, मोटारी, पंप यांना तांबे लागते, आणि देश त्यासाठी परदेशी धातुकावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. मागणी एवढीच की, उत्खननाआधी शोधाचे अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे ठेवले जावेत. विहिरींच्या पाण्याची आजची तपासणी लेखी नोंदवून ठेवावी. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे आधी निकाली काढावेत. आणि नव्या खाणींचा जिल्ह्याचा वाटा जुन्यांइतका करावा. यांतील पाण्याच्या नोंदीसाठी सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी गावोगाव हे काम हाती घ्यावे. नंतर केलेल्या तक्रारीला पुरावा उरत नाही.