मोडलेला पाय



जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेस यायला निघाला. १६९६ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने शहराबाहेर मैलभराच्या आत असलेल्या, वाण्यांच्या पैशावर चालणाऱ्या जनावरांच्या इस्पितळाची हकीकत दिली आहे. गाईघोड्यांबरोबर तेथे कुत्रीही होती. लंगड्या कुत्र्याची कीव येणे ही सुरतेस नवी गोष्ट नव्हे. मात्र कीव आली की हात लगेच चालवावा असे नाही, हे मी एका पिलाच्या पायाची किंमत देऊन शिकलो.

नाताळच्या सुट्टीत आमच्या गल्लीत ते रिक्षाखाली सापडले. पुढचा पाय मनगटाच्या वर मोडला होता. मी फूटपट्टी लावून चिंधीने ती करकचून बांधली. पिलू तीन दिवस कुरकुरत होते. हाड मोडल्यावर दुखणारच, असे म्हणून मी पट्टी सोडून पाहिली नाही. चौथ्या दिवशी पंजा थंडगार व काळा पडला होता. हाड कदाचित जुळलेही असते. रक्त पोहोचले नाही म्हणून पाय कापावा लागला. आता ते तीन पायांवर धावते, आणि मजहून वेगाने धावते, ही गोष्ट वेगळी.

हाड सांधण्यासाठी मोडीच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे स्थिर राहावे लागतात. मांडीचे हाड मोडले तर बाहेरच्या पट्टीने हे साधत नाही. तिचे ओझेच मोडीवर लोंबते. तेथे बहुधा शस्त्रक्रियेने सळई किंवा धातूची पट्टी बसवितात. म्हणून रस्त्यावर आपण काही बांधू नये. जनावर अलगद फळीवर सरकवून पशुवैद्याकडे न्यावे. वेदनेने मायाळू कुत्रेही चावते. चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुऊन लस घ्यावी.

उत्तरायणात गच्चीवरून मांजर पडले तर ते टोपलीत ठेवून न्यावे. नुसते लंगडत असले तरी छातीला मार असू शकतो. त्याच्या कंबरेच्या हाडाच्या काही मोडी पिंजऱ्यातील विश्रांतीनेच भरून येतात. मात्र घरातील पॅरासिटामॉल देऊ नये. अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.

वैद्याने प्लास्टर घातल्यावर बाहेर दिसणारी बोटे रोज पाहावीत. ती सुजली, फाकली, थंड लागली किंवा दुर्गंधी आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी परत न्यावे.